बॉम्ब शेल्टरचं वाक्य

“तेवढं बॉम्ब शेल्टरचं वाक्य काढून टाका,” देसाई म्हणाले. तालीम जुरोंग ईस्टला, त्यांच्याच कॉन्डोत चालली होती.

पुण्यात मी आयुष्यभर नाटकं बसवली. निवृत्तीनंतर मुलाकडे सिंगापूरला आलो, तर इथल्या मराठी मंडळाने दिग्दर्शनाला धरलं. मी एक जुनी फ्रेंच कॉमेडी निवडली. हातात पैसा आलेला व्यापारी सरदाराचा आव आणतो आणि घरची मोलकरीण त्याला उघडं पाडते. तेही जनांतिकात. जनांतिक म्हणजे थेट प्रेक्षकांना सांगितलेलं वाक्य. ते मालकाला ऐकू जात नाही, असं धरून चालायचं.

मी व्यापाऱ्याचा आयटी मॅनेजर केला. ती भूमिका देसाईंची. मोलकरीण सुजाता, मूळची नागपूरची, इथे संशोधक. पाहुण्यांसमोर साहेब म्हणायचे, “आमची हेल्पर अगदी घरच्यासारखी!” सुजाता प्रेक्षकांकडे वळायची. “घरच्यासारखी! म्हनून मले बॉम्ब शेल्टरमंदी झोपवून राह्यले.”

बॉम्ब शेल्टर म्हणजे इथल्या घरांतली जाड पोलादी दाराची, बिनखिडकीची खोली. सुटकेसेस तिथेच, आणि पुष्कळ घरांत हेल्परही तिथेच.

“लोकांना लागेल हो,” देसाई म्हणाले.

“लागावं म्हणूनच आहे ते.”

“आपलीच माणसं बसणार समोर. हसू द्या ना त्यांना! काका, तुमच्या चिरंजीवांनाही मी ऑफिसात हसतंखेळतंच ठेवलंय.”

माझा मुलगा तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात त्यांच्या हाताखाली होता. मी वाक्य कापलं.

सुजाताने विचारलं, “मग ही बाई येते कशाला, सर? चहा ठेवून जायला?”

“तुला इतरही वाक्यं आहेत.”

“हो ना. ‘हो साहेब’ आणि ‘आणते साहेब’. ती तुम्हीच म्हणा. तुम्हाला छान जमतात.”

ती नाटक सोडून गेली. प्रयोगाच्या दिवशी देसाईंनी माइकवर सांगून टाकलं, “सुजाताताईंचं पाठांतर काही होईना, त्यामुळे ऐनवेळी बदल करावा लागला.”

धडधडीत खोटं! तालमीत देसाई अडले की पुढचा शब्द तीच पुरवायची. मी विंगेत उभा होतो. गप्प राहिलो.

प्रयोग रंगला. ज्या वर्गाचं हसं व्हायचं, त्याचे लाड झाले. मोलकरीण मुकी, मग ढोंगी साहेबसुद्धा गोड वाटतो. साहेबांना टाळ्या मिळाल्या, मला शाल-श्रीफळ.

आता मंडळ पुन्हा नाटक करतंय. परवा मीटिंगमध्ये कुणीतरी सुजाताचं नाव सुचवलं. लगेच दोघे-तिघे म्हणाले, “नको, तिचं पाठांतर कच्चं आहे.” माझं एक मौन अजून तिची वाट अडवतंय. मी तिथेच उठून सगळं सांगितलं, आणि इथे लिहूनही देतो. तिचं पाठांतर पक्कं होतं. कच्चा दिग्दर्शक होता.

नव्या दिग्दर्शकांना एवढंच सांगेन. जनांतिक मालकाला ऐकू गेलं, तर कापू नका. ते नेमकं बसलेलं असतं.