बिराजदार सरांचं ‘माहीत नाही’
बिराजदार सरांच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द मी शेवटच्या वीस वर्षांत एकदाही ऐकला नाही. उद्या जेवायला येणार ना, असं विचारलं तर म्हणायचे, “यायचा विचार आहे.” लातूरला क्लाससाठी आलेल्या मुलींचं मी होस्टेल चालवते, खाली मेस आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सर तिथेच जेवायचे. लग्न केलं नव्हतं, घरी करणारं कोणी नव्हतं. वरणात मीठ बरोबर पडलंय का, एवढं साधं विचारलं तरी उत्तर यायचं, “मला बरोबर लागलं. तुला लागेल का, माहीत नाही.” मुली त्यांना पाठीमागे ‘माहीत नाही सर’ म्हणत. ते त्यांनाही ठाऊक होतं.

मुलींना काय सांगणार, की मी बी.ए.ला ज्या माणसाकडे तर्कशास्त्र शिकले तो असा नव्हताच! तेव्हाचे बिराजदार सर वर्गात शिरले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसायची. आवाज खणखणीत, मत त्याहून खणखणीत. “पुरावा दाखवा, नाहीतर खाली बसा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवस, कौल, मुहूर्त यांची ते अशी खिल्ली उडवायचे की आम्ही घरी जाऊन आईवडिलांशी भांडायचो. निलंग्याकडच्या एका खेड्यातून, शेतकऱ्याच्या घरातून, तत्त्वज्ञान शिकून वर आलेला माणूस. त्याला त्याचा गर्व होता आणि आम्हाला त्याचा अभिमान.

मी त्यांच्या वर्गात होते त्या वर्षी त्यांच्या बहिणीच्या गावाकडे जमीन अधूनमधून गुरगुरायची. बारीक धक्के बसायचे, फडताळातली भांडी वाजायची. लोक घाबरून अंगणात, शेतात झोपायला लागले होते. सर गणपतीत बहिणीकडे गेले. शांताक्का त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आईमागे त्यांनीच सरांना वाढवलेलं. त्यांच्या घरात थोडं कानडी चालायचं. अक्का सरांना ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, अशी हाक मारायच्या. सरांनी देवळापुढच्या पारावर माणसं जमवली आणि वर्गात घ्यावा तसा तास घेतला. “धक्के किती बसले? शंभर? भिंती किती पडल्या? एकही नाही. मग भिता कशाला?” लोकांनी माना डोलावल्या. मग घरी येऊन अंगणातली अक्कांची बाज सरांनी स्वतः उचलली आणि आत नेऊन टाकली. “प्रोफेसराची बहीण अंगणात झोपते, लोक हसतील,” असं वर म्हणाले. दुसऱ्या दिवशी लातूरला परत आले आणि ही हकिगत आम्हाला वर्गात हसत हसत सांगितली. आम्हीही हसलो.

चारच दिवसांनी पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद; सगळं घर खाली बसलं. अक्का, त्यांची सून आणि दोन नातवंडं आतच गेली. मुलगा महादेव तेवढा पिकाच्या राखणीला शेतातल्या आखाड्यावर, गवताच्या खोपीत, झोपला होता, म्हणून वाचला.

आम्ही विद्यार्थी ढिगारा उपसायला गेलो तेव्हा सर तिथे होते. दोन्ही हातांची बोटं सोलली होती. कोणी थांबा म्हटलं की ते आणखी जोरात दगड ओढायचे. बाज सापडली तेव्हा मात्र ते खाली बसले आणि कितीतरी वेळ उठले नाहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर ते वर्गात आले आणि फळ्यावर लिहिलं, ‘आजवर घडलं नाही, म्हणून उद्या घडणार नाही.’ “हा तर्क चुकीचा आहे, हे मी तुम्हाला जूनमध्ये शिकवलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही परीक्षेत बरोबर लिहाल. मी गावात जाऊन चुकलो.” एवढं बोलून बाहेर गेले.

लोक समजूत घालायला यायचे. देवाची मर्जी, कोणाच्या हातात काय असतं, तुमचा काय दोष. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “देवावर ढकलू नका. बाज मी उचलली.” लोकांना वाटायचं हा माणूस आता तरी देवळात जाईल. ते गेले नाहीत. तत्त्वज्ञानही सोडलं नाही. फक्त ज्या धारेने ते दुसऱ्यांची मतं कापायचे, ती त्यांनी स्वतःकडे वळवली आणि मरेपर्यंत तशीच धरून ठेवली. ते बघणं सोपं नव्हतं. मला कधीकधी त्यांचा रागही यायचा.

पुढे लातूरभर क्लासेस झाले. गल्लोगल्ली पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. तत्त्वज्ञान घ्यायला कोणी उरलं नाही, सरांच्या विभागाची खोली एका लॅबला गेली. माझा धंदा मात्र वाढला, आणि माझ्या धंद्यात धीर द्यावा लागतो. ‘होणार, तुझं होणारच,’ हे मी दिवसातून दहा वेळा म्हणते. देगलूरची एक मुलगी दुसऱ्यांदा प्रवेश परीक्षेला बसत होती. एक दिवस ताटावर बसून रडायला लागली आणि सरांना म्हणाली, “सर, यंदा होईल ना माझं?” मी मागून सरांना खुणा केल्या. सर म्हणाले, “माहीत नाही बाळ. तू अभ्यास केलास, एवढं मी बघितलंय.” मी चिडले. तिच्यासमोरच त्यांना बोलले. तिचं झालं नाही. सामान न्यायला आली तेव्हा कोणाला तोंड दाखवेना, माझ्याशीही बोलली नाही. सरांजवळ मात्र तासभर बसली. जाताना म्हणाली, “सरांनी मला फसवलं न्हाई.” ते वाक्य मला लागलं, अजून लागतं.

मग सरांना पोटाचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. “महादेवला बोलाव.” भूकंपानंतर भाचा त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, केस पांढरे झालेले, टोपी हातात.

“महादेव,” सर म्हणाले, “त्या दिवशी तू अक्काला आखाड्यावर चल म्हणालास का?”

“म्हणलो होतो.”

“मग?”

मी सरांच्या उशापाशी उभी राहून महादेवकडे बघत मान हलवली. नको सांगू, काहीतरी दुसरं सांग. त्याने मला बघितलं आणि नजर सरांकडे वळवली.

“आई म्हणली, तम्मा सांगून गेलाय, काय होत न्हाई. मी आतच झोपते.”

“म्हणजे माझ्यामुळे.”

“हाव मामा. तुमच्यामुळंच.”

मला वाटलं, याला आत्ताच बाहेर घालवावं. पण सरांचा चेहरा सैल पडत गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायची ताकद त्यांच्यात नव्हती. “इतकी वर्षं कोणी कबूलच करत नव्हतं रे,” ते म्हणाले. “एकटा पडलो होतो.”

“मी लई राग धरला मामा. आजबी हाय.”

“असू दे.”

महादेवने टोपी खाटेवर ठेवली, धोतराच्या सोग्याने सरांचे डोळे पुसले आणि चमच्याने त्यांना पाणी पाजायला लागला. तो तीन दिवस तिथून हलला नाही. अंग पुसायचा, कूस बदलायचा, आणि दोघं अक्कांविषयी बोलायचे, ती भाकरी कशी थापायची, ओरडायची कशी. चौथ्या दिवशी सर गेले. त्यांच्यात पुरतात; गावी नेल्यावर मातीची पहिली मूठ महादेवनेच टाकली.

परत निघताना मी त्याला विचारलं, “राग गेला का?”

“न्हाई ताई,” तो म्हणाला. “पण आता आईचं बोलायला माझ्याजवळ कोणीच राहिलं न्हाई.”