मी टोकलेला खलाशी

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. नोकरीत ढीगभर जबान्या घेतल्या, पण हे प्रकरण माझ्या हद्दीतलं नव्हतं, देशातलंही नव्हतं. तरी ते उभं केलं मीच.

मी फौजदार होतो. रजा काढून मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेलो आणि परतायच्या आत आखाती युद्ध पेटलं. विमानं बंद. सौदीतच, थुवालच्या पुढे लाल समुद्राकाठी मासेमारांचं एक लहानसं गाव होतं, तिथे माझे मेहुणे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. बहिणीकडे जाऊन पडलो. गाव इतकं शांत की डोकं उठायचं. बॉम्ब तिकडे रियाधकडे पडत होते आणि इथे वाळत घातलेली जाळी नि निळं पाणी. दिवसभर कानाला रेडिओ. रिकामा पोलीस फार वाईट हो!

रोज सकाळी एक खलाशी दारावरून किनाऱ्याकडे जायचा. आपलाच, रत्नागिरीकडचा, कफिलाच्या, म्हणजे त्याला व्हिसा देऊन आणणाऱ्या अरब मालकाच्या, होडीवर कामाला. मी विचारलं, "काय रे, कुठे चाललास?" गडी जागीच थांबला, वळला आणि खोलीवर परत गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला बघून त्याने वाटच बदलली. झालं! युद्धाचे दिवस, समुद्र आणि नजर चुकवणारा माणूस. मी मोडक्यातोडक्या अरबीत ठाण्यातल्या हवालदाराच्या कानावर घातलं. तासाभरात त्यांनी त्याला उचललं.

चौकशीला मेहुणे दुभाषे. "किनाऱ्यावर कुणाला भेटतोस? या साहेबांना बघून का पळालास?" खलाशी मान खाली घालून गप्प. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तपासला, खोलीची झडती झाली. जाळं विणायची सुई आणि बायकोची पत्रं, बाकी काही नाही. तरी हवालदार म्हणाला, उद्या जेद्दाला पाठवतो. युद्धात हेरगिरीचा संशय म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुपारी जेवताना बहिणीला सगळं सांगितलं. तिने हातातला घास ताटात टाकला.

"भाऊ, दर्यावर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकलंस? आमच्या बंदरात असं टोकलं तर माणूस त्या दिवशी होडीत पाय ठेवत नाही!"

ती लग्न होऊन बंदरावर गेलेली, पण मलाही हे ठाऊक असायला हवं होतं. आमची आईसुद्धा 'लांब चाललास का' असंच विचारायची. पोलिसाची जीभ मात्र तेवढंही विसरली.

तडक ठाण्यावर गेलो. गजांपाशी जाऊन म्हणालो, "अरे बाबा, मग सांगितलं का नाहीस?"

तो पुटपुटला, "साहेब, शकुन मानतो म्हणून इथे कसं सांगू? धर्माबाहेरचा ठरवतील. ती आणखी एक केस."

खरंच होतं. मी हवालदाराला सांगितलं, चूक माझी. मी दरडावून विचारलं, तो घाबरला. तसं लेखी दिलं, सही केली. "खलास," म्हणत त्याने कुलूप काढलं.

पण कफील बिथरला. पोलिसांनी नेलेला माणूस त्याला होडीवर नको झाला. पुढे नोकरीत मी हाताखालच्यांना बजावून सांगितलं, की गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. ते मी शिकलो खरा, पण भोगलं दुसऱ्यानेच.

दोन दिवसांनी सकाळी तो पिशवी घेऊन पिकअपपाशी उभा होता. मी समोर. प्रश्न जिभेवर आला, तो गिळला. तोच म्हणाला, "तबूकला चाललोय, साहेब. सिमेंटच्या कामावर. तिथे समुद्र नाही."