बाबूची झूल

रिकामी भिंत दिसली की ज्याचे हात शिवशिवतात, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. वडनेर भोलजीला बऱ्यापैकी शेती, घरात धान्य, दारात बैलजोडी. सुखानं मिशीला तूप लावून बसायचं सोडून हा माणूस हातात कुंचला घेऊन हिंडायचा. त्यांच्या बैलगाडीच्या चाकाचा प्रत्येक आरा वेगळ्या रंगाचा. ज्वारीच्या कोठीवर मोर, माठावर वेल, न्हाणीच्या दगडावर कमळ. एकदा कडब्याची गंजी फार भकास दिसते म्हणून त्यांनी तिला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. गायींनी आधी तोरण खाल्लं आणि मग त्याच ओघात गंजीचा एक कोपरा. ताई चिडली, तर म्हणाले, "पन चवीनं खाल्लं का नाही?" ताई सगळ्यांना सांगायची, "म्या घडीभर एका जागी बसली त हे मलेही रंग देतीन." आणि एवढा सगळा खटाटोप करून ते प्रत्येक चित्रात एक फूल मुद्दाम अर्धवट ठेवायचे, म्हणजे पाच पाकळ्यांतली एक गाळायचे. "पुऱ्या चांगल्या गोष्टीले नजर लागते बे. एक पाकळी सोडा लागते," असं त्यांचं शास्त्र होतं. ते त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

पण त्यांचा खरा जीव सुईदोऱ्यात. पावसाची झड लागली, शेतात पाय घालता येईना, की गावातले बाप्ये पारावर पत्ते कुटायचे आणि भाऊजी ओसरीवर मांडी घालून टाके घालायचे. दोन पावसाळे खपून त्यांनी बैलजोडीसाठी दोन झुली शिवल्या होत्या. लाल फलालीन, त्यावर ताईच्या विटलेल्या शालूचे काठ, जत्रेतल्या आरशांचे तुकडे, टाक्यांनी भरलेली फुलं, कवड्या, चारी कडांना लोकरीचे गोंडे. पोळ्याच्या दिवशी त्या झुली घालून जोडी तोरणाखाली उभी राहिली की बायका टक लावून बघायच्या आणि बाप्ये विचारायचे, "काय पाटील, आमच्या घरच्या चोळ्या शिवून देता का?" भाऊजी हसायचे. ते हसणं खोटं असायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. जोडीतल्या एका बैलाचं नाव सुंदर. दुसरा त्यांनी मला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली त्याच आठवड्यात घेतला, म्हणून त्याचं नाव बाबू. "सरकारी मानसाचं नाव ठेवलं, त कामालेही तसाच निघाला," असं चारचौघांत सांगत, आणि तरी वैरणीची पहिली पेंढी बाबूलाच घालत.

ती नोकरी बुलढाण्याला होती. कारकुनांसाठी बांधलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. आतली झोपायची खोली एवढी की पलंग टाकल्यावर लुगडं नेसायला बायकोला पलंगावर उभं राहावं लागे. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, नुसती चौकट. बायको पुण्याची. तिनं कधी तक्रार केली नाही, पण लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिचे दादा-वहिनी आमचं बिऱ्हाड बघायला यायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. आमची मुलगी कुठल्या रानात दिली, असं त्यांनी म्हणू नये एवढीच माझी धडपड. वर्षभर आरशासमोर घोकून मी 'मले-तुले'चं 'मला-तुला' केलं होतं. भिंतींचं काय करायचं ते सुचेना, आणि पगार तर वीस तारखेलाच राम म्हणायचा.

भाऊजींना कुणी सांगितलं कोण जाणे. एक दिवस घाट चढून आलेल्या एस.टी.तून ते उतरले. खांद्यावर चुन्याची गोणी, हातात भेंड्यांची पिशवी आणि काखेत एक गाठोडं. खरं तर जावई माणूस! त्यांचे पाय धुवून त्यांना पाटावर बसवायचं, तर ते धोतराचा काचा मारून माझ्या भिंती खरवडायला लागले. मी नको-नको म्हणालो, पण फार जोरात म्हणालो नाही.

चार दिवसांत त्यांनी त्या खुराड्याची दशा पालटून टाकली. चुन्यात नीळ घातली, ती जरा सढळ हातानं पडली, त्यामुळे पहिल्या दिवशी खोलीत गेलं की शाईच्या दौतीत उतरल्यासारखं वाटे. वाळल्यावर मात्र रंग छान फिकट झाला. भेंड्या भाजीसाठी आणल्या असतील म्हणून बायकोनं चिरायला घेतल्या, तर ते धावत आले. भेंडी आडवी कापून, गेरूत बुडवून त्यांनी भिंतीवर ठसे उठवले. पाच पाकळ्यांच्या फुलांची रांग खोलीभर फिरली. शेवटच्या फुलाची एक पाकळी त्यांनी अंगठ्यानं पुसली. उरलेल्या भेंड्यांची भाजी आम्ही दोन दिवस खाल्ली. न्हाव्यानं टाकून दिलेला आरसा त्यांनी कुठूनसा पैदा केला आणि त्याच्या तड्यावरून हिरवी वेल काढली, वर पोपट बसवला. तडा आहे हे मीसुद्धा विसरलो. दिव्यावर बांबूची दुरडी उपडी टांगली, तर छतभर उजेडाच्या चांदण्या पडल्या. पलंगाखाली विटा लावून तो उंच केला, ट्रंका खाली सारल्या. एवढ्या सगळ्यात माझ्या खिशाला तोशीस अशी लागलीच नाही. बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पुण्यात असता तर लोक रांगा लावून आले असते." त्यावर ते लाजून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

शेवटी राहिली मधली चौकट. पाहुणे बाहेर बसणार आणि समोर आमचा पलंग दिसणार. पडद्याला कापड घ्यायचं माझ्या ऐपतीत नव्हतं. भाऊजींनी गाठोडं सोडलं. आत बाबूची झूल. "रिठ्यानं तीनदा धुतली हाये. बैलाचा वास येनार नाही," ते म्हणाले. "पोळ्यालोक राहू दे. पोळ्याले मी घेऊन जाईन, बाबूले लागते ते." बांबूच्या काठीवर त्यांनी ती टांगली आणि खरं सांगतो, ती आठ बाय दहाची खोली एखाद्या संस्थानिकाच्या महालासारखी दिसायला लागली.

आता माझं शौर्य ऐका. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी भाऊजींना म्हणालो, "जागा फार कमी पडेल हो." ते म्हणाले, "हाव बे, पाच मानसं कुठी मावतात इथी." कुंचले धुतले, पिशवीत घातले आणि दुपारच्या एस.टी.नं घाट उतरून गेले. जागेचा प्रश्न नव्हता. त्यांचं धोतर, त्यांचं 'बे', त्यांचे चुन्यानं फुटलेले हात दादा-वहिनींना दिसू नयेत असं मला वाटत होतं. जावयाला मी घरातून काढलं, तेही त्यानंच रंगवलेल्या घरातून.

दादा-वहिनी आले. वहिनी उंबऱ्यातच थबकल्या. पडद्यापाशी जाऊन त्यांनी गोंडे हातात घेतले, आरशांवरून बोट फिरवलं. "काय देखणं काम आहे हो. कुणी केलं हे?" दोन शब्दांचं उत्तर होतं, आमच्या भाऊजींनी. पण त्याच्यामागून पुढचा प्रश्न आला असता, ते कोण, काय करतात, आणि हे मुळात कशासाठी केलं. बैलाच्या पाठीवरचं कापड मी तुमच्या बहिणीच्या बेडरूमला लावलंय, हे त्या पुण्याच्या माणसांना सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच." ज्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही तो मी! वहिनींनी डोळे मोठे केले. मग खोट्याला पाय फुटत गेले. कचेरीतून आल्यावर थोडं थोडं करतो, लहानपणापासून आवड आहे, भिंतीही मीच. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक पातेलं जरा जोरात आदळलं.

निघायच्या दिवशी दादा म्हणाले, "जावईबापू, एक मागू का? हिचं त्या पडद्यावर फार मन बसलंय." बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो..." मी म्हणालो, "त्यात काय एवढं, मी दुसरा करीन." आणि स्टुलावर चढून माझ्याच हातांनी ती झूल उतरवली, घडी घातली आणि त्यांच्या पिशवीत ठेवली.

पोळ्याला दोन दिवस असताना भाऊजी आले. हातात मक्याची कणसं. उघड्या चौकटीकडे बघून म्हणाले, "धुवाले टाकली का?" मला पळवाट त्यांनीच दिली होती, पण धुतलेली झूल शेवटी आणून द्यावी लागतेच. वर्षभर घोकलेलं सगळं विसरून मी म्हणालो, "पुन्याले गेली, भाऊजी. वहिनीले भल्ली आवडली. मांगून नेली." ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता उठून निघून जातील, आणि मग ताईला मी तोंड कसं दाखवू.

"आवडली?" ते म्हणाले. "काय म्हने?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. गोंड्यांना हात लावला का, आरशाचं काही म्हणाल्या का, असं खोदून खोदून विचारलं. मग खाली मान घालून, जणू काही फारसं महत्त्वाचं नाही अशा सुरात म्हणाले, "कोनं केली, इचारलं असन?"

"हाव."

"मंग?"

"सांगतलं ना. आमच्या जवायानं केली म्हनून."

भाऊजींनी उपरण्यानं डोळे पुसले. "अन् गावातले मले चोळ्या शिवा म्हनतात," ते म्हणाले. बायको चहाचा कप घेऊन चौकटीत उभी होती. कप तिनं भाऊजींच्या हातात दिला, माझ्याकडे बघितलं नाही. आत जाऊन तिनं पलंगावरची चादर काढली, लग्नात तिनं स्वतः भरलेली, निळ्या फुलांची. "भाऊजी, बाबूला ही घाला," म्हणाली. ते नको म्हणायला लागले, तर तिनं ती त्यांच्या पिशवीत कोंबलीच. त्या आधी किंवा नंतर मी तिला इतकं रागात पाहिलेलं नाही, आणि तो राग कुणावर होता हे तिनं मला कधी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

पोळ्याला मी वडनेरला गेलो. तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या जुळत्या, आणि आमचा सुंदर झुलीत, बाबू पलंगपोसात. लोक हसले. भाऊजी छाती काढून प्रत्येकाला सांगत होते, "याची झूल पुन्याले गेली. तिथच्या शिकेल बायामानसायनं मांगून नेली. इचारा आमच्या साळ्याले." आणि माझ्या पाठीवर हात टाकून ते मला पुढे करत होते. मी मान डोलावत होतो. त्या दिवशी खरं तर मला झूल घालून तोरणाखाली उभं करायला हवं होतं.

त्यानंतर भेटतील तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "पुन्याची झूल कशी हाये?" ती एकदा भिंतीवर टांगलेली बघावी अशी त्यांची फार इच्छा. एका वर्षी कापूस लवकर आटोपला, ताईनं त्यांचं नवं धोतर काढून ठेवलं, दोघं निघायच्या बेतात होते. मी कळवलं, वहिनी आजारी आहेत. वहिनी ठणठणीत होत्या. भाऊजींनी उलट टपाली विचारलं, आता बरं आहे का, आणि लिंबाचं लोणचं पाठवलं पुण्याला द्यायला. ते आम्हीच खाल्लं. पुन्हा कधी त्यांना सवड झाली नाही, आणि मग ते गेले.

दिवस झाल्यावर ताईनं मला दुसरी झूल दिली, सुंदरची. एकट्या बैलाला घालता येत नाही म्हणून त्या पोळ्यानंतर भाऊजींनी ती पुन्हा बाहेर काढलीच नव्हती. आता ती आमच्या झोपायच्या खोलीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो, आमच्या भाऊजींनी केलेली, वडनेरचे, बैलासाठी केली होती. ज्यांनी विचारलेलं नसतं त्यांनाही धरून सांगतो. एका घरात सोडून सगळीकडे सांगितलंय.

त्या घरी गेल्या दिवाळीत गेलो होतो. बाबूची झूल त्यांनी बैठकीत काचेत बसवलीय. वहिनी थकल्यात, पण नजर शाबूत. चहा घेताना म्हणाल्या, "इतकी वर्षं विचारीन म्हणते. त्या कोपऱ्यातल्या फुलाची एक पाकळी तुमच्याकडून राहिलीय बघा. काच काढून देते, सुईदोरा देते, एवढी पुरी करून टाका."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. चार पाकळ्या होत्या. बायकोनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. किती वर्षांनी अशी बघत होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "पुऱ्या चांगल्या गोष्टीला नजर लागते. एक पाकळी सोडावी लागते."

वहिनींना ते फार आवडलं. झुलीबद्दल त्या घरात मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं, आणि तेही भाऊजींचं. बायकोनं कपबश्या उचलल्या आणि ती आत निघून गेली.