हुकूम या शब्दापाशी

दुपारी जेवून मी मुद्रितं घेऊन आरामखुर्चीत बसते. छापखान्याचा माणूस सहाला येणार आहे. शीख तत्त्वज्ञानावरचं आमचं पुस्तक. मराठीत असं आधी कुणी लिहिलेलं निदान आमच्या पाहण्यात नाही. आमचं म्हणजे माझं आणि ज्ञानी मेहताबसिंगांचं. नांदेडच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. गुरुमुखी मला त्यांनी शिकवली. नऊ वर्षं रोज संध्याकाळी एकत्र बसलो आणि ग्रंथसाहिबातल्या एका शब्दावरून बिनसलं. 'हुकूम'. मी 'आज्ञा' लिहिलं, त्यांनी खोडलं, मी पुन्हा लिहिलं. मग सात महिने अबोला. पौषात ते गेले. गुरुद्वारात त्यांच्यासाठीच्या शेवटच्या प्रार्थनेला या, असा निरोप आला होता. मी गेले नाही.

ओळी हलायला लागतात. चष्मा नाकावरून घसरतोय, तो सावरायचा कंटाळा येतोय.

"काय वाचायलात, बाई?"

ज्ञानीजी पहिल्या बाकावर बसलेत. वर्ग माझाच आहे, फळ्यावर अक्षरही माझंच, पण बाकांखालून गोदावरी वाहतेय, घोट्यापर्यंत, संथ. त्यांनी जोडे काढून मांडीवर घेतलेत.

"शेवटचं प्रकरण," मी म्हणते. ते हयात नाहीत हे मला ठाऊक आहे. बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, म्हणून गप्प राहते.

"आज्ञाच ठेवलंत ना?"

"हुकूम लिहिलं तर लोकांना कलेक्टरचा हुकूम वाटेल."

ते हसतात. आता आम्ही गुरुद्वाराच्या लंगरमध्ये आहोत. पंगतीची पट्टी दूरवर गेलीय, दुसरं टोक दिसत नाही, आणि तिच्यावर मी एकटीच बसलेय. ते बादली घेऊन वाकतात, वरण वाढतात.

"आज्ञा मोडता येते, बाई. मोडणारा बाहेर जाऊन उभा राहतो. हुकुमाला बाहेर कुठंय? पाऊस त्यातच, आपलं भांडणही त्यातच."

"मग मराठीत काय लिहू?"

"हुकूमच लिहा. आणि खाली टीप द्या. तळटिपा तुम्हाला लई आवडतात."

मला हसू येतं. ताटातलं वरण निवतंय. इतकी मोठी जागा, आणि भांड्याचा आवाजसुद्धा नाही.

"ज्ञानीजी, निरोप मिळाला होता मला. मी मुद्दाम आले नाही."

ते बादली खाली ठेवतात.

"माझ्या मुलानं त्या दिवशी पंगतीत जागा धरली होती तुमच्यासाठी," ते म्हणतात. "शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही तिथं."

मी मान वर करू शकत नाही.

"तुमच्या वाटचा प्रसाद राहिलाय. ओंजळ करा," ते म्हणतात. मी करते. तळहातावर काहीतरी गरम, जड, मऊ पडतं.

दारात सायकलची घंटा वाजते. साडेपाच झालेत, छापखान्याचा माणूस लवकर आलाय. त्याला ओट्यावर बसवून मी लेखणी उचलते आणि 'आज्ञा' खोडत जाते. सतरा ठिकाणी. प्रत्येक वेळी वर 'हुकूम' लिहिते. टीप तीन ओळींची होते.

गठ्ठा बांधताना वरचं पान बोटांना चिकटतं. त्यावर तुपाचा डाग उमटलाय, अंगठ्याएवढा, अजून कोमट. घरात तूप नसतं. एकटीसाठी मी कढवत नाही. ओंजळ नाकाशी नेते, तर भाजलेल्या कणकेचा, गुरुद्वारातल्या कडाहप्रसादाचा वास.

"बघ, तुलाही येतोय का," असं म्हणायला घरात कुणी नाही.