तेलाच्या फॉर्मवरचा कोरा रकाना

उधन्याच्या एका कापड प्रोसेस मिलमध्ये मी बरीच वर्षं मेंटेनन्स पाहिलं. तिथल्या डिझेल जनरेटरच्या तेलाचा नमुना दर तीन महिन्यांनी लॅबला जायचा, सोबत एक फॉर्म. रिपोर्ट आला की मी आधी तेलात उतरलेल्या लोखंडाचा आकडा पाहायचो, मग तांबं आणि शिसं. ही दोन्ही बरोबरीनं चढायला लागली की बेअरिंग झिजतंय असं समजायचं.

फॉर्मवर एक रकाना असतो: मागच्या नमुन्यानंतर वरून किती तेल घातलं. नव्या तेलात झिजलेला धातू विरळ होतो, आकडा कमी दिसतो, म्हणून लॅबला हे कळवावं लागतं. मी तो रकाना कोरा ठेवायचो. भरला असता तर इंजिन एवढं तेल का खातंय हे शेठने विचारलं असतं. मग इंजिन खोला, मिल थांबवा. ऐन सीझन होता.

जनरेटरवरचा ऑपरेटर डिंडोलीत राहायचा. मूळचा धुळ्याकडचा, माझ्याहून वयानं मोठा. दोनदा येऊन म्हणाला, "साहेब, हाई इंजिन भलतं तेल पी ऱ्हायनं. रोज ओततो मी."

"ओतत राहा तुम्ही. रिपोर्ट नॉर्मल आहे."

"रिपोर्टले काय, त्याले थोडंच डबं उचलनं पडतं!"

दोघंही हसलो.

एका दुपारी लाइट गेली, जनरेटर सुरू झाला आणि अर्ध्या तासात जाम झाला. बेअरिंग गेलं होतं. मी तेल मोजायची काडी काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं. काडी पुसून परत ठेवली.

केबिनमध्ये शेठने ऑपरेटरला गुजरातीत विचारलं, "तेल जोयुं हतुं?"

"पाहिलं होतं, शेठ."

शेठ माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "रिपोर्ट सगळे नॉर्मल होते."

वाक्य खरं होतं. शेठने त्याचा अर्थ ऑपरेटरने तेल पाहिलंच नाही असा घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटच्या आत घेतलं नाही. मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं कळत होतं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. आता तो एका कापड मार्केटवर वॉचमन आहे. विषय त्यानंच काढला. "त्या दिवशी काडी पाहिली होती का नव्हती, आता मलेच खात्री नाही, साहेब. घरात सगळ्यांना सांगी ठेवलंय, चूक माझीच."

मी रकान्याचं सांगितलं. काडीचंही.

"म्हणजे तेल व्हतं?"

"होतं. खुणेपर्यंत."

"तुम्ही सोता पाहिलं?"

"हो."

त्यानं आत तोंड करून बायकोला हाक मारली, "अवं, आठे ये जरासं." ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"साहेब, आता हिले सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी सांगायला लागलो.