गोल झाला आणि कठडा वाजला नाही

आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगचा मी नातूर, म्हणजे वॉचमन. शिक्षण चौथी नापास. पण एका भाडेकरूची गोष्ट माझ्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर गेली, असं अजून झालेलं नाही.

चौथ्या माळ्यावर एक आयरिश मास्तर राहायचा आणि दुसऱ्यावर त्याच्याच देशातला एक बँकवाला. दोघं साठीला टेकलेले, दोघंही एकटे. त्यांची गावं शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक नदी, आणि दोन्ही गावांचे फुटबॉल क्लब एकमेकांचे जन्माचे वैरी. मला फुटबॉल कळत नाही. पण शिमग्याला पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची यावरून आमच्याकडे सख्खे साडू वर्ष वर्ष बोलत नाहीत. तेव्हा हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

त्या दोन क्लबांची मॅच असली की दोघं आपापल्या घरी, दार उघडं टाकून बघायचे. एका खोलीत बसायचं नाही, हा नेम. ज्याच्या क्लबने गोल केला त्याने बाहेर येऊन जिन्याचा लोखंडी कठडा बडवायचा. मास्तर स्टीलच्या झाऱ्याने बडवायचा. तो झारा मीच गुदैबियाच्या बाजारातून आणून दिला होता. मग खालून बँकवाला सगळ्या माळ्यांना ऐकू जातील अशा शिव्या घालायचा.

या उन्हाळ्यात मास्तरने जिना सोडला. लिफ्टने उतरला तरी आधी माझ्या खुर्चीत टेकायचा, ओठ निळसर. एक दिवस गोळ्यांची पिशवी दाखवून म्हणाला, हृदय कामातून गेलंय, डॉक्टर मॅच बघू नको म्हणतो. घराची जादा चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाबा, खालच्याला सांगायचं नाही. तो शिव्या द्यायचा थांबेल."

मी हो म्हटलं. मी हो म्हटलं की खलास.

मॅच जवळ आली तसा बँकवाल्याने जाऊन वरच्या दाराच्या कडीला आपल्या क्लबचा मफलर बांधला. दर वेळी मास्तर त्या मफलरने बूट पुसून तो खाली पाठवायचा. या वेळी मफलर तसाच लोंबत राहिला. झाडू मारताना मला तो रोज दिसायचा, आणि रोज मी मान फिरवायचो. म्हातारा घाबरला काय, असं बँकवाल्याने हसत विचारलं. मला काय माहीत, म्हटलं.

मॅचच्या संध्याकाळी हवा जागची हलत नव्हती. मगरीबची बांग होऊन गेली होती. मी वर फेरी मारली तर मास्तरचं दार बंद. आत टीव्ही चालू होता, म्हणून खाली आलो. थोड्या वेळाने दुसऱ्या माळ्यावरून कठडा वाजला, शिट्ट्या झाल्या. पुढे बराच वेळ एसीचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

आणि बँकवाला अनवाणी खाली आला.

"त्याच्या क्लबने गोल केला," तो म्हणाला. "तो वाजवत का नाही?"

मी चावी उचलली. लिफ्ट वर अडकलेली. आम्ही दोन म्हातारे जिन्याने चढलो.

मास्तर दाराच्या आतच पडला होता, हातात झारा. श्वास होता. अँब्युलन्स येईपर्यंत बँकवाला त्याच्या कानाशी बसून शिव्या घालत राहिला, अगदी हळू आवाजात. मास्तरचे ओठ एकदा हलले. हॉस्पिटलमध्ये सकाळ व्हायच्या आत तो गेला.

मग बँकवाला माझ्यापुढे उभा राहिला. "तुला माहीत होतं."

"होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने नको म्हटलं होतं. उद्या त्याने परत नको म्हटलं, तरी नाही सांगणार."

कितीतरी दिवस तो माझ्याकडे न बघता जायचा. मग एका सकाळी त्याने आपल्या घराची चावी माझ्या टेबलावर ठेवली. इतकी वर्षं ती त्याने कुणाला दिली नव्हती.

"माझ्या क्लबने गोल केला आणि मी वाजवलं नाही," तो म्हणाला, "तर वर ये."

"मला फुटबॉल कळत नाही."

"शीक."

आता मॅच असली की मी मोबाइलवर लावून बसतो. कोण कुठे पळतंय ते समजत नाही, निळे कपडे त्याच्या क्लबचे एवढं समजतं. परवा निळ्यांनी गोल केला. मी चावी मुठीत घेऊन उठलो आणि जिन्याकडे कान लावला.

कठडा वाजायला जरा वेळच लागला.