गोलीच्या जागी

ऐंशीच्या दशकात गोरेगावच्या मैदानावर एका फुटबॉल टीमचा मॅनेजर रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पोरं अनवाणी खेळायची, आणि तो त्यांच्याच चपला रेषेबाहेर मांडून डाव समजवायचा. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. यात बदल नाही. गोल राखणाऱ्या गोलीकडे तेवढे बूट होते, म्हणून त्याच्या जागी हा स्वतःच्या चपला ठेवायचा.

"तिथे तुमच्या कशाला?" मी एकदा विचारलं.

"हरलो की जोडे गोलीलाच पडतात ना! तिथे आपण असलेलं बरं."

त्या संध्याकाळी टीम हरली. पोरं गोलीला शिव्या घालत, चपला पायात सरकवत निघून गेली. रेषेबाहेर एकच जोड उरला. मॅनेजर अनवाणीच गोलीशेजारी जाऊन बसला.